मागणीचा चहा

“मला नका धरू! टोपली धरा… टोपली!”

गळ्यापर्यंत पाण्यात असलेला माणूस असं काही ओरडेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी आमच्या वरच्या मजल्याच्या दारात पाय बाहेर सोडून कलमीची पालेभाजी निवडत बसले होते. वुचौ शहराच्या जुन्या पेठेत जूनमध्ये नदी घरी येते, नेहमीच्या पाहुण्यासारखी. तारीख तेवढी कळवत नाही. मग आम्ही खालचं सामान वर चढवतो, वरच्या मजल्याचं रस्त्याकडचं दार उघडतो, आणि पाणी उतरेपर्यंत तेच आमचं पुढचं दार. भाजी होडीतून येते, पोस्टमन होडीतून येतो. त्या दिवशी पून मावशीच्या होडीतून हा आला. होडी आमच्या खांबावर आदळली, कलंडली. मावशी सराईतपणे काठाला चिकटून राहिली आणि हा सरळ पाण्यात! एका हातानं त्यानं खांबाची लोखंडी कडी पकडली होती. दुसऱ्या हातातली बांबूची टोपली सुटून प्रवाहाला लागली होती.

मी कपडे वाळत घालायचा बांबू उचलला, टोपलीच्या दोरीत त्याचं टोक अडकवलं आणि ओढली.

“बाळ आहे का हो हिच्यात?”

“नाही… चहा!”

“चहा?” माझ्या हातून बांबू सुटता सुटता राहिला. “चहासाठी जीव देताय?”

“माझ्याएवढं वय आहे त्याचं!” तो खालून ओरडला. तोंडात पाणी गेलं, खोकला, परत ओरडला, “अठ्ठावीस वर्षं! आता सोडू नका, पाया पडतो!”

टोपली वर आली. मग माझ्या वडिलांनी, आबांनी, दोर टाकला आणि तोही वर आला, जमिनीवर तळं करत. पोरगा उंच, खांदे रुंद, आणि चेहरा असा, की पावसात सापडलेल्या मांजराची आठवण व्हावी. त्यानं तोंडसुद्धा पुसलं नाही. गुडघ्यांवर बसला आणि टोपलीची पानं बाजूला करायला लागला.

“सरका,” मी म्हणाले.

“तुम्हाला कळतं यातलं?”

आबा एका कानानं ठार बहिरे आहेत, पण असलं बोलणं त्यांना बरोबर ऐकू येतं. ते म्हणाले, “तिला दुसरं काही कळतच नाही! चहाच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर लोकांच्या चहात खोट काढते, त्याचा पगार घेते. घरी आली की माझ्यात काढते, फुकट.”

मी टोपलीत हात घातला. वरचा भाग कोरडा होता. मध्ये थोडी ओल. तळ मात्र चिंब. वास घेतला… आणि क्षणभर पूर, खोली, पाण्याचं तळं, सगळं विसरले.

“कुठला हा?”

“लिउबाओच्या वरच्या डोंगरातला. आमच्या घरचा. मी जन्मलो त्या वर्षी आईनं भरला, चुलीवरच्या माळ्यावर ठेवला.” तो माझ्या तोंडाकडे बघत होता, डॉक्टरकडे बघतात तसा. “वाचेल?”

“वरचा वाचलाय. खालचा… तीन दिवस लागतील. मंद कोळशावर. हात सहज टेकवता येईल एवढीच ऊब. दर पाऊण तासानं हलवायचा. घाई केली तर जळेल, आळस केला तर बुरशी धरेल.”

“तीन दिवस!” तो म्हणाला. “मला आजच पलीकडच्या काठाला जायचंय!”

खालून पून मावशी होडीतलं पाणी उपसत ओरडली, “पलीकडे? या पाण्यात? माझ्या नवऱ्याला विचार, तो गेला होता एकदा! उतर तिथंच आणि गप बस.”

तो उतरला होताच. गप्प मात्र बसला नाही.

नाव सम पाक-निन. माझं लाय चाउ-युंग. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकांना ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ करत होतो आणि प्रत्येक वाक्यात भांडत होतो. त्याला कोळसा जास्त हवा होता, मला कमी. त्याला पानं सुपात पसरायची होती, मला चाळणीवर. आमच्याकडे सूपच होतं, म्हणून तो जिंकला, आणि जिंकल्यावर असा हसला की मी उगीच उठून शेगडीची राख काढायला गेले.

“तुम्ही कारखान्यातले लोक,” तो म्हणाला, “पाणी मारून ढीग लावता, दीड-दोन महिन्यांत चहा म्हातारा करता. आमच्याकडे तो आपला आपण म्हातारा होतो.”

“आणि तोवर प्यायचं काय? गरम पाणी?”

“वाट बघायची.”

“कुणाची?”

तो कोळसे सारत राहिला. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या. कोळशाच्या उबेनं असेल… असं मी तेव्हा धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, “नुसता वास किती दिवस घ्यायचा? करा की थोडा.” पाक-निननं माझ्याकडे बघितलं, मी आबांकडे, आणि सुपाच्या कडेची चिमूटभर पानं किटलीत गेली. पहिलं पाणी ओतून टाकलं. दुसरं भरलं.

जुना काळा चहा फार हट्टी असतो. कोवळा असताना जीभ ओरबाडतो. मग वर्षानुवर्षं अंधारात, दमट हवेत बसून राहतो. एकदम कोरडं पडलं की मुका होतो, फार ओल लागली की कुजतो. त्याला जपणारं माणूस त्याच्यापेक्षा हट्टी असावं लागतं. वाटीत उतरला तो डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होता. घोट घेतला. जिभेला काही टोचलं नाही. तो नुसता खाली गेला, आणि पोटातून ऊब वर आली, पाठीच्या कण्यातून मानेपर्यंत. मग नाकात आला तो वास, ओली सुपारी नुकती फोडल्यावर येतो तो. कारखान्यात सहा वर्षांत मला तो वास फार तर चारदा भेटला होता.

“सुपारी,” मी हळूच म्हणाले.

“हो ना?” तो पुढे झुकला. “आई म्हणते, सुपारीचा वास लागला की चहा वयात आला.”

“तुमच्या आईला भेटायला हवं.”

“हो…” तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा अचानक उतरला. वाटी खाली ठेवली. “मी तुम्हाला एक सांगितलं नाही. ही टोपली… मागणीची आहे.”

चहा माझ्या नाकात गेला.

आमच्याकडे नवऱ्या मुलाच्या घरून चहा येतो. मुलीकडच्यांनी तो ठेवून घेतला, की ठरलं. एवढं साधं आहे. बाकीचं खाणंपिणं नंतरचं.

“पलीकडच्या काठावर क्वान म्हणून आहेत,” तो खाली बघत सांगत होता. “त्यांची मुलगी, साउ-मान. आत्यानं जमवलंय. एकदा भेटलोय आम्ही, उपाहारगृहात. तिनं दोनदा घड्याळ बघितलं, मी चारदा. काल ही टोपली द्यायची होती.”

“आणि तुम्ही आत्ता हे सांगताय? मी प्यायल्यावर?”

आबांना नको ते बरोबर ऐकू आलं होतं. ते गदागदा हसायला लागले. “आ-युंग! अगं, दुसरीची मागणी पिऊन बसलीस की तू!”

“आबा!”

“आता बाहेर कशी काढणार ती?”

मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. मग भांडी विसळायचं निमित्त करून मागच्या खोलीत गेले आणि तिथं बराच वेळ एकच वाटी विसळत राहिले. कालपासून ओळखत असलेल्या माणसाबद्दल असं वाटायचं काही कारण नव्हतं. काहीच नव्हतं. मी वाटी तीनदा विसळली.

त्या दिवसापासून मी कामापुरतं बोलायला लागले. पानं हलवा. कोळसा काढा. सरका. तो सांगेन तसं करत होता. दुपारी आबांबरोबर बुद्धिबळ खेळत होता आणि मुद्दाम हरत होता, हे मला दिसत होतं, आबांनाही दिसत असावं. भाजीची होडी आली की तो दोरीनं बादली खाली सोडायचा आणि भाजीवालीशी अशी घासाघीस करायचा, की ती शेवटी दोन मुळे जास्त देऊन टाकायची.

“गप्प का झालात?” त्यानं एकदा विचारलं.

“चहा ऐकतेय.”

“काय म्हणतो?”

“म्हणतो, दुसऱ्याच्या घरी जायचंय, नीट वाळवा.”

तो बादलीच्या दोरीला उगीच गाठी मारत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी उतरायला लागलं. पाक-निन आणि आबा खालच्या जिन्यावरचा चिखल लोटायला गेले. मी एकटी शेगडीपाशी. पानं जवळजवळ तयार होती. आणखी दोन तास, की काम संपलं. तेवढ्यात एक अर्धवट जळलेलं ओलं लाकूड कोळशांत कुठूनसं आलेलं होतं, ते धुमसायला लागलं. पांढरा, आंबट धूर सुपाच्या खालून वर चढला.

असा धूर एकदा पानांत शिरला की संपलं. मला हे जेवढं माहीत होतं तेवढं त्या पेठेत कुणाला माहीत नव्हतं.

मी बसून राहिले.

किती वेळ? फार नाही. एक श्वास… कदाचित दोन. पण त्या दोन श्वासांत मी सगळं बघितलं. टोपली वाया गेली. तो हात हलवत परत डोंगरात गेला. क्वानांच्या घरी काही पोहोचलंच नाही. आणि कुणी मला बोल लावू शकत नव्हतं. कोळसा ओला होता, पुराचे दिवस, होतं असं.

मग मला त्याची आई दिसली. मी तिला कधी बघितलंही नव्हतं. तरी दिसली, अठ्ठावीस वर्षं माळ्याकडे मान वर करून बघणारी.

मी सूप उचललं. चिमटा शोधायला वेळ नव्हता. एका हातानं सूप बाजूला ओढलं आणि दुसऱ्या हातानं ते धुमसतं लाकूड उचलून दाराबाहेर पाण्यात फेकलं. मग ओरडले. फार मोठ्यानं नाही.

पण तो धावत वर आला, कोपरापर्यंत चिखल घेऊन. आधी माझ्याकडे बघितलं. सुपाकडे नाही… माझ्याकडे. हे मी तेव्हाही टिपलं.

“दाखवा हात.”

“पानं बघा आधी! वास लागलाय का बघा!”

“खड्ड्यात गेली पानं. दाखव हात.”

‘दाखव.’ ‘दाखवा’ नाही. त्यानं माझी बोटं गार पाण्याच्या घंगाळात धरली, स्वतःच्या हातात धरून, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. पाणी कोमट झालं तरी.

“फोड येतील,” तो म्हणाला.

“येऊ देत.”

“मी… युंग, मी जर उद्या…”

“पानांना धूर लागला नाही,” मी हात काढून घेतला. “मी बघितलंय. उद्या सकाळी टोपली भरून देते.”

सकाळी रस्ता दिसायला लागला. चिखलात माखलेला, पण रस्ता. पाक-निननं आमचं खालचं घर धुऊन दिलं. मग शेजारच्यांचं धुवायला लागला. मग त्यांच्या शेजारच्यांचं. अकरा वाजले तरी त्याचं झाडणं संपेना. शेवटी मीच टोपली आणून त्याच्यासमोर ठेवली, नव्या दोरीनं बांधलेली.

“लोक वाट बघत असतील.”

तो झाडूवर रेलून उभा राहिला. “तुम्हाला काय वाटतं? जाऊ?”

आता विचार करते तर त्याच क्षणी सगळं सोपं करता आलं असतं. पण मी कोण? तीन दिवसांची ओळख. आणि पलीकडे एक मुलगी, जिनं माझं काही वाकडं केलेलं नव्हतं.

“चहाबद्दल विचारा,” मी म्हणाले, “तर सांगते. बाकीचं मी तपासत नाही.”

त्यानं मान हलवली, टोपली उचलली, आबांना वाकून नमस्कार केला आणि गेला. आठवड्यानं पून मावशी खबर घेऊन आली. तिला विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. “तो तुमचा टोपलीवाला! मीच सोडला ना त्याला पलीकडे. क्वानांच्या दारात टोपली घेऊन गेला, तासाभरानं रिकाम्या हातानं परत आला. टोपली ठेवून घेतली त्यांनी.”

“छान झालं,” मी म्हणाले.

“हाताला काय झालंय तुझ्या?”

“भाजलं.”

“मग छान काय झालं?”

महिने गेले. फोड गेले, डाग राहिला. मी वाईट वगैरे नव्हते, खोटं कशाला सांगू? कारखान्यात नवे ढीग लागले होते, त्यांच्यातून वाफ निघायची, आम्ही फावड्यानं ते उलटायचो, घामाघूम व्हायचो, गाणी म्हणायचो. आबांबरोबर रविवारी सकाळी सोयाबीनचं दूध प्यायला जायचे. फक्त, चहाचे नमुने समोर आले आणि एखाद्यात सुपारीची नुसती शंका आली, तरी मी तो दुसऱ्या तपासनिसाकडे सरकवायचे.

ऑक्टोबरच्या अखेरीस कारखान्यानं मला डोंगरात पाठवलं, गावोगावच्या घरचा चहा चाखून नमुने आणायला. यादीत नऊ गावं होती. सहावं लिउबाओच्या वरचं. मी ठरवलं, की जायचं, चाखायचं, यायचं. तिथं साठ घरं असतील. नेमकं त्याचंच घर कशाला लागेल?

बस घाटात बंद पडली. दीड तास चढून गावाच्या पहिल्या घरापाशी पोहोचले तेव्हा घशाला कोरड पडली होती. अंगणात मोठी कढई उकळत होती आणि एक ठेंगण्या, चपळ बाई त्यात चहाची मोठाली पानं बुडवून काढत होत्या. थंडी पडायच्या तोंडावर झाडाची जुनी, जाड पानं तोडतात, ती. त्या चहाला आमच्याकडे ‘चहाची आजी’ म्हणतात.

“काकू, जरा पाणी मिळेल?”

“पाणी कशाला, आजी पी!” त्यांनी मडक्यातून वाडगाभर ओतला. “कारखान्यातली का गं? पिशवीवरून ओळखलं. बस. माझाही चाखून जा. वुचौला राहतेस?”

“हो.”

“वुचौ!” त्यांनी झारा कढईवर आपटला. “नाव काढू नकोस त्या गावाचं. माझा पोरगा गेला होता जूनमध्ये, चांगलं जमलेलं लग्न होतं. मी अठ्ठावीस वर्षं जपलेला चहा दिला बरोबर. तर पठ्ठ्यानं काय करावं? मुलीकडे जाऊन म्हणाला, ‘मला माफ करा, मला तुमच्याशी लग्न करता येणार नाही, आणि हा चहा राहू दे, तुमचा वेळ घेतला त्याबद्दल.’ माझा चहा! माफीबरोबर!”

वाडगा माझ्या ओठांपाशीच थांबला.

“मुलगी काय म्हणाली?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“ती म्हणाली, आधी सुचलं असतं तर मी नव्या चपला घेतल्या नसत्या. वर त्याला बसवून केळी खायला दिली. शहाणी होती गं पोरगी! आणि हा खुळा. आत्या अजून माझ्याशी बोलत नाही. मी त्याला बजावलं, पिकाचं काम होईतो त्या शहरात पाय ठेवायचा नाही. माझी लाज गेलीय, निदान पानं तरी वेळेवर तोडली जाऊ देत. आणि सगळं कुणासाठी? पुरात भेटली म्हणे कुणीतरी. जिनं माझा चहा वाळवताना भाजला!”

“चहा नाही भाजला!” मी ताडकन उठले. “एक पान भाजलं नाही! हात भाजला!”

कढई खदखदत होती. एक कोंबडी आमच्या दोघींच्या मधून चालत गेली.

काकूंनी झारा खाली ठेवला. जवळ आल्या. माझा उजवा हात उचलला, उलटा केला, बोटांवरचा डाग बघितला. मग माझ्याकडे. वरपासून खालपर्यंत, घाटातल्या चिखलानं भरलेल्या बुटांपर्यंत.

“हं,” त्या म्हणाल्या. “बस खाली.”

मी बसले.

त्या आत गेल्या आणि एका छोट्या मडक्यातून चहा घेऊन आल्या. काही न बोलता केला, वाटी माझ्यासमोर ठेवली. “यंदाचा आहे. माझ्या हातचा. सांग कसा झालाय.”

मी घोट घेतला आणि मनातल्या मनात डोळे मिटले. चहा बिघडला होता. आणि ही बाई माझ्याकडे एकटक बघत होती, आणि मला आयुष्यात कधी नव्हे एवढं वाटत होतं की ‘उत्तम झालाय’ म्हणावं.

“आंबूस आहे,” मी म्हणाले. “वाळवण्याआधीचा ढीग एक रात्र जास्त राहिलाय. आतून तापला. पण… मेलेला नाही, काकू. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. चार-पाच वर्षांत आंबूसपणा जाईल. सुपारीपर्यंत पोहोचेल का, ते मला नाही सांगता येणार.”

काकूंनी वाटी उचलून स्वतः एक घोट घेतला.

“अख्खं गाव पिऊन गेलं हा,” त्या म्हणाल्या. “सगळे म्हणाले, वा, छान. तो परत आला त्या रात्री मी त्याच्याशी भांडले आणि तणतणत झोपले. ढीग उलटायला उठलेच नाही. मला माहितीय तो आंबलाय.” मग त्यांनी मान वळवून वरच्या उताराकडे तोंड केलं आणि एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की कोंबडी उडाली, “निन! ए निन! खाली ये! कुणीतरी आलंय तुझ्या नशिबाचं!”

मी थांबले नाही. का ते विचारू नका. तो खाली येईपर्यंत तिथं बसून राहणं मला शक्यच नव्हतं. मीच वर चढायला लागले, चहाच्या झुडपांमधून, ओल्या गवतावरून घसरत. तो वरून येत होता, पाठीवर पानांचा भारा. मधल्या वळणावर आम्ही एकदम समोरासमोर आलो.

“तुम्ही?” तो म्हणाला.

“कारखान्याचं काम आहे,” मी म्हणाले. धाप लागली होती. “नमुने घ्यायचेत.”

“हो का.”

“हो.”

त्यानं भारा खाली ठेवला. पाठ सरळ केली. हात विजारीला पुसले, परत पुसले. “मी अकरा तारखेला येणार होतो. आईला शब्द दिला होता, पानं संपेपर्यंत… अकरा तारखेची बस. तुम्हाला विचारायला.”

“काय?”

“ते तुम्ही तपासत नाही म्हणाला होतात.”

“आणि तोवर माझं लग्न झालं असतं तर?”

त्याचा चेहरा पांढरा पडला. इतका, की मला हसू आवरेना. “नाही झालं,” मी घाईनं म्हणाले. “खुळा आहेस का? मला वाटत होतं तुझं झालं! टोपली तिथं राहिली, सगळ्या पेठेला कळलं. माफीत कुणी एवढा चहा देतं?”

“माझ्याकडे दुसरं काही नव्हतं,” तो म्हणाला. “त्या मुलीचा अपमान करून मोकळ्या हातानं कसा परतणार होतो? आणि तुझ्यासाठी मला… उधारीची वस्तू नको होती. दुसऱ्या मुलीच्या नावानं निघालेला चहा तुझ्या दारात नव्हता न्यायचा.”

वारा सुटला होता. खाली घरांतून धूर वर येत होता.

“मग आता काय आहे तुझ्याकडे?” मी विचारलं.

त्यानं भाऱ्याकडे बघितलं. “जाड पानं. आणि बिघडलेला यंदाचा चहा. आणि आई. तिचा स्वभाव…”

“भेटले.”

“भेटलीस?”

“आंबूस आहे म्हणाले.”

“आईला?”

“चहाला!”

तो हसला, तसाच, पहिल्या दिवशी सुपावरून जिंकला होता तसा. या वेळी मी कुठंही उठून गेले नाही. त्यानं माझा हात हातात घेतला, उजवा, आणि डागावर अंगठा ठेवला. फार हळू.

“युंग, मला शब्द सापडत नाहीत. चार महिने शोधतोय. मला तू हवीस. रोज. भांडायलासुद्धा. इथं किंवा तिथं, तू म्हणशील तिथं. आबांना सोडून येणार नसशील तर मी खाली येतो. तुमच्या ढिगांवर पाणी मारतो, दोन महिन्यांत चहा म्हातारा करतो, काय वाटेल ते करतो.”

“पाणी मारायला आमच्याकडे माणसं आहेत,” मी म्हणाले. “वाट बघणारं कुणी नाहीये. तसं माणूस हवंय.”

“म्हणजे…?”

“म्हणजे हो, निन. हो. आणखी किती उकळून सांगू?”

तेवढ्यात खालून हाक आली. आई! आवाज अख्ख्या डोंगरात घुमला. “बोलून झालं असेल तर या रे! पानं कढईत आहेत, मला काय दहा हात आहेत?”

आम्ही भारा दोघांत धरून उतार पळत उतरलो, एकदा घसरलो, अर्धी पानं सांडली, ती वेचली. अंगणात काकू झाऱ्यानं वाफाळती पानं चटईवर टाकत होत्या. ती गरम असतानाच पसरावी लागतात, गठ्ठा राहिला की काळी पडतात. मी बाह्या वर केल्या. हात घालू का, विचारावं म्हणून त्यांच्याकडे बघितलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त चटईवर थोड्या बाजूला सरकल्या, आणि आपल्या शेजारी मला जागा करून दिली.